१९९९ साली सर्वाधिक खपलेला अल्बम नक्की कोणता?

मुलुंड_पूर्व यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत गणेशोत्सवात दरवर्षी प्रश्नमंजूषा होते आणि गेली चार वर्षे तिचे प्रश्न काढण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. गेल्या वर्षी संगीताच्या फेरीत मी विचारले होते, ‘१९९९ साली सर्वाधिक विकला गेलेला पॉप अल्बम कोणता?’ माझ्या कागदावरचे उत्तर होते बॅकस्ट्रीट बॉईजचा ‘मिलेनियम’. बी विंगच्या संघाने शनाया ट्वेनचा ‘कम ऑन ओव्हर’ असे सांगितले. मी ते चूक ठरवताच त्या संघातील एका मुलीने तिथल्या तिथे मोबाईलवर १९९९ सालची एक यादी काढून माझ्यासमोर धरली, आणि तिच्यात पहिल्या क्रमांकावर खरोखरच ‘कम ऑन ओव्हर’ होता. माझ्याजवळची यादीही कोणी रचलेली नव्हती. शेवटी दोन्ही संघांना गुण देऊन मी वेळ मारून नेली. पण आरतीनंतर प्रसाद घेताना एका काकांनी ‘प्रश्न काढणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नाही’ असे सर्वांदेखत ऐकवले, ते अजून डाचते आहे.

यंदा ती फेरी पुन्हा ठेवायची आहे, म्हणून दोन शंका येथे मांडतो. पहिली अशी की, एकाच वर्षाच्या दोन याद्यांत पहिला क्रमांक वेगळा कसा असू शकतो आणि त्यांपैकी कोणती खरी धरावी? दुसरी शंका अधिक घरगुती आहे. १९९९ मध्ये मी दहावीत होतो. वर सांगितलेल्या दोन अल्बमांपैकी एकही आमच्या घरी नव्हता. आमच्याकडे ‘ताल’ची कॅसेट होती, वडिलांनी आणलेला ‘गारवा’ होता, आणि ताईने मैत्रिणीकडून मागून आणून कधीच परत न केलेली, इंग्रजी गाण्यांनी भरलेली एक कॅसेट होती. मग त्या वर्षी मुंबईत सर्वाधिक काय खपले, हे कोणी मोजले होते का? मोजले असेल तर त्यावरही एक प्रश्न काढावा असे मनात आहे.

आकडेमोड यांचे उत्तर

आपली यादी आणि त्या मुलीची यादी, दोन्ही बरोबर आहेत, कारण त्या दोन वेगळ्या देशांच्या असणार. अमेरिकेत १९९९ या वर्षात सर्वाधिक खप ‘मिलेनियम’चा झाला, ब्रिटनमध्ये त्याच वर्षी पहिला क्रमांक ‘कम ऑन ओव्हर’चा होता. आपल्या प्रश्नात देशाचे नाव नव्हते आणि सगळा घोळ तेथे झाला.

अमेरिकेचे आकडे आधी सांगतो, कारण त्या काळी ते बऱ्यापैकी काटेकोरपणे ठेवले जात. ‘मिलेनियम’ १८ मे १९९९ रोजी बाजारात आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या ११ लाख ३४ हजार प्रती विकल्या गेल्या. त्यापूर्वीचा विक्रम गार्थ ब्रूक्स या कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या, गायकाच्या ‘डबल लाइव्ह’ने नोव्हेंबर १९९८ मध्ये केला होता, तो जेमतेम सहा महिने टिकला. वर्ष संपले तेव्हा ‘मिलेनियम’ सुमारे ९४ लाखांवर, ब्रिटनी स्पीअर्सचा जानेवारीत आलेला पहिला अल्बम सुमारे ८४ लाखांवर, रिकी मार्टिनचा त्याच्याच नावाचा अल्बम ६० लाखांच्या आसपास, तर ‘कम ऑन ओव्हर’ ५६ लाखांच्या आसपास पोहोचला होता. म्हणजे ट्वेनबाई अमेरिकेत त्या वर्षी चौथ्या होत्या, आणि तेही अल्बम बाजारात येऊन चौदा महिने उलटल्यावर, लाखो घरांत तो आधीच जाऊन बसल्यावर.

मला स्वतःला ‘कम ऑन ओव्हर’चीच गोष्ट अधिक रंजक वाटते. तो अमेरिकेत नोव्हेंबर १९९७ मध्ये आला. अमेरिकेच्या साप्ताहिक यादीत तो कधीही पहिला आला नाही; त्याची मजल दुसऱ्या क्रमांकापर्यंतच गेली. तरीही त्याला पुढे तेथे दोन कोटी प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले, आणि असे अल्बम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. एखाद्या आठवड्यात धुमाकूळ घालणे आणि दोन-तीन वर्षे दर आठवड्याला न चुकता खपत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साप्ताहिक यादी पहिलीला मान देते, एकूण खप दुसरीला. ब्रिटनमध्ये तो १९९८ साली निघाला तेव्हा फिडल, पेडल स्टील अशा कंट्री वाद्यांचा आवाज मागे सारून त्याचे मिश्रण पॉप श्रोत्यांसाठी नव्याने केले गेले होते. त्यामुळे अमेरिकेत मूळ निघालेला अल्बम आणि ब्रिटनमध्ये पहिला आलेला अल्बम यांचे नाव आणि गाणी तीच असली, तरी कानाला ते तंतोतंत एक नव्हते. आपल्या काकांना हे अवश्य सांगा.

आता ‘विकला गेला’ या शब्दांकडे वळू. १९९१ पूर्वी अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक निवडक दुकानांना विचारून यादी करी, आणि दुकानदार आपल्या अंदाजाने क्रम सांगत. १९९१ मध्ये ‘साउंडस्कॅन’ ही पद्धत आली. तिच्यात गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की ती विक्री मोजली जाई. ही पद्धत येताच याद्यांचा चेहरा बदलला. कंट्री आणि रॅप हे प्रकार दुकानदारांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक खपत होते, हे तेव्हा उघड झाले. वर दिलेले ९४ लाख आणि ८४ लाख हे आकडे याच पद्धतीचे आहेत.

याच्या शेजारी दुसरी मोजणी चालते, ती प्रमाणपत्रांची. अमेरिकेत पाच लाख प्रतींना गोल्ड, दहा लाखांना प्लॅटिनम, आणि मार्च १९९९ पासून एक कोटीला डायमंड दिले जाते. हे प्रमाणपत्र त्या काळी कंपनीने दुकानांकडे रवाना केलेल्या मालावर, परत आलेला माल वजा करून, मिळत असे. ते आपोआप मिळत नाही. कंपनीला मागावे लागते. शिवाय दोन तबकड्यांचा लांबलचक अल्बम असेल तर त्याची एक प्रत दोन प्रती म्हणून धरली जाते, त्यामुळे ‘डबल लाइव्ह’च्या प्रमाणपत्रावरचा आकडा पाहून त्यातील प्रत्येक प्रतीमागे एक गिऱ्हाईक उभे होते असे समजू नये. उलट बाजूने, टपालाने घरपोच तबकड्या पाठवणाऱ्या रेकॉर्ड क्लबांची विक्री साउंडस्कॅनमध्ये धरली जात नसे, आणि अशा क्लबांकडून एकेका गाजलेल्या अल्बमच्या लाखो प्रती जात. तेव्हा ‘किती खपला’ असे कोणी विचारले, तर आधी ‘कोणत्या वहीत’ हे विचारणे भाग आहे.

जगाचा आकडा तर याहूनही सैल असतो. देशोदेशीच्या वह्या वेगळ्या, त्यांतील नियम वेगळे, आणि जेथे वहीच नाही तेथे कंपनी सांगेल ते खरे. म्हणून ‘जगात सर्वाधिक’ असा प्रश्न मी कोणत्याही प्रश्नमंजूषेत घालणार नाही.

जाता जाता एक निराळा प्रश्न सुचवतो, तो या यादीच्या पोटातच आहे. ब्रिटनीच्या पहिल्या अल्बमचे शीर्षकगीत आणि ‘मिलेनियम’मधील सर्वांत गाजलेले ‘आय वाँट इट दॅट वे’ या दोन्हींमागे मॅक्स मार्टिन हा एकच स्वीडिश गीतकार-निर्माता होता. अमेरिकेत त्या वर्षी पहिल्या आणि दुसऱ्या आलेल्या अल्बमांची मुळे अशी स्टॉकहोममधील ‘चेरॉन’ नावाच्या एकाच स्टुडिओत सापडतात. मार्टिनचे इंग्रजी तेव्हा बेताचे होते, आणि ‘आय वाँट इट दॅट वे’च्या ओळींचा अर्थ लावताना आपल्यापैकी अनेकांची जी त्रेधा उडाली, तिचे एक कारण तेही आहे.

काउंटरच्या_अलीकडे यांचे उत्तर

आकडेमोड यांनी अमेरिकेचे इतके नेटके सांगितले आहे की त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. मुंबईचे मात्र थोडे सांगू शकेन. १९९६ ते २००२ या काळात मी दादर पश्चिमेच्या एका कॅसेटच्या दुकानात काउंटरवर उभा राहत असे. दुकान आता नाही, मालकही नाहीत. म्हणून नाव सांगत बसत नाही.

मुंबईत कोणी मोजले होते का, असे आपण विचारले आहे. आमच्याकडे बारकोड वाचणारे यंत्र नव्हते. बिलाची कार्बन लावलेली वही होती आणि संध्याकाळच्या गर्दीत तीही बाजूला राही. खप कळायचा तो फळीकडे पाहून : सकाळी चार डझन लावल्या होत्या, रात्री नऊ नग उरले, म्हणजे माल चालतो आहे. दारात ‘या आठवड्याचे टॉप टेन’ असा फळा असे आणि तो दर शनिवारी मी लिहीत असे. पहिली तीन-चार नावे प्रामाणिक असत. खालची नावे मालकांच्या सांगण्यावरून पडत, कारण जो माल फळीवर बसून राहिला आहे तो फळ्यावर चढवला की चार दिवसांत हलतो. अधूनमधून कोणीतरी फोन करून ‘तुमच्याकडे काय चालले आहे’ असे विचारी, आणि मी तोच फळा वाचून दाखवत असे. १९९१ पूर्वी अमेरिकेतही असेच चालत होते हे वर वाचले, आणि पंचवीस वर्षांनी मनावरचे ओझे थोडे हलके झाले.

कंपन्यांचे आकडे म्हणाल, तर तो उचललेल्या मालाचा आकडा असे. मोठ्या चित्रपटाची कॅसेट यायची असली की विक्री प्रतिनिधी स्कीम घेऊन येई : इतके डझन उचलले तर इतके फुकट. मालक हिशेब करून गरजेपेक्षा जास्त उचलत. चित्रपट पडला की त्यातला बराच माल माळ्यावर जाई, आणि दोन वर्षांनी तोच पदपथावरच्या फेरीवाल्याला किलोवर दिल्यासारखा द्यावा लागे. त्या कॅसेट ‘खपल्या’ होत्या का? कंपनीच्या जाहिरातीत खपल्या होत्या.

किमतीकडे दुर्लक्ष करून या विषयाचा निकाल लागणार नाही. हिंदी चित्रपटाची कॅसेट चाळीस-पन्नास रुपयांच्या आत-बाहेर मिळे, आणि परदेशी अल्बमची कॅसेट सव्वाशेच्या घरात. सीडीचे तर नावच काढायला नको. त्यामुळे ‘मिलेनियम’ घ्यायला शाळेच्या गणवेशातील चार-पाच मुली एकत्र येत, प्रत्येकीने काढलेल्या वर्गणीची चिल्लर काउंटरवर मोजत, आणि पुढचे दोन महिने ती एक कॅसेट अख्ख्या वर्गात फिरे. एका विक्रीमागे पंचवीस श्रोते. हिंदी कॅसेटचे तसे नव्हते. ती घरोघरी एकेक जाई.

आपल्या ताईच्या त्या भरलेल्या कॅसेटविषयी वाचून मला हसू आले, कारण ती कदाचित मीच भरली असेल. आमच्याकडे दोन जाड वह्या होत्या, एक हिंदी गाण्यांची आणि एक इंग्रजी. गिऱ्हाईक वहीतून गाण्यांचे क्रमांक कागदावर लिहून देई, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट निवडे, आणि आम्ही ती तीन दिवसांत भरून देत असू. हे कायद्यात बसणारे नव्हते, हे तेव्हाही कळत होते. पण शनाया ट्वेन, रिकी मार्टिन, शेर, सेलीन डिऑन यांची गाणी मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत मोठ्या संख्येने गेली ती या वाटेने, आणि या वाटेवर फक्त कोऱ्या कॅसेटचा खप नोंदला गेला. ‘कम ऑन ओव्हर’ असे नाव घेऊन मागणारे गिऱ्हाईक मला क्वचितच आठवते. लोक गाणे गुणगुणून दाखवत, आणि मग आम्ही त्यांच्या हातात वीस कलाकारांची वीस गाणी असलेली संकलनाची कॅसेट देत असू. परदेशी मालात आमच्याकडे खरे चालत असे ते संकलन. अपवाद दोन. १९९८ मध्ये ‘टायटॅनिक’, ज्याची कॅसेट हिंदी चित्रपटासारखी घरोघरी गेली. आणि नंतर व्हेंगाबॉईज, ज्यांची गाणी नवरात्रात दांडियाच्या मैदानावर वाजू लागल्यावर मंडळांचे कार्यकर्ते सुद्धा ‘ते व्हेंगावाले द्या’ म्हणून येऊ लागले. हॉलंडच्या त्या चमूला आपण घाटकोपरच्या गरब्यात वाजतो आहोत याची कल्पना असेल असे वाटत नाही.

हिंदीत १९९९ हे वर्ष मजबूत होते. ‘हम दिल दे चुके सनम’ जूनमध्ये आणि ‘ताल’ ऑगस्टमध्ये पडद्यावर आले. दोन्हींच्या कॅसेट त्याआधीच फळीवर होत्या आणि दिवाळीपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. वर्ष संपता संपता ‘कहो ना प्यार है’ आला, आणि नायकाचे नाव धड कोणाला ठाऊक नसतानाही कॅसेट धरत होती. चित्रपट १४ जानेवारी २००० रोजी लागल्यावर आम्हाला माल पुरेना. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांत सोनू निगमचा ‘दीवाना’ सतत हलत होता. के. के. यांचा ‘पल’ आमच्याकडे सुरुवातीला सावकाश गेला, पण पुढे कॉलेजांचे निरोप समारंभ आले की मागणी ठरलेली. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ने आणि दलेर मेहंदींनी जी हवा केली होती, ती मात्र १९९९ पर्यंत विरळ झाली होती असे माझे मत आहे.

तेव्हा आमच्या दुकानापुरते उत्तर हवे असेल तर ‘ताल’. मुंबईचे उत्तर म्हणून ते छापू नका.

पूर्वपश्चिम यांचे उत्तर

काउंटरच्या_अलीकडे यांचे म्हणणे दादरपुरते मान्य आहे, परंतु मुंबई म्हणजे केवळ दादर नव्हे. काळा घोड्याच्या ‘रिदम हाउस’मध्ये त्या काळी जो माणूस शनिवारी दुपारी जाई, तो नाव घेऊन अल्बम मागे आणि सीडीसाठी पैसे मोजे. सीएसटीसमोर टाइम्सच्या इमारतीत ‘प्लॅनेट एम’ १९९९ मध्ये सुरू झाले, तेथे हेडफोन कानाला लावून अल्बम ऐकता येई आणि बिल यंत्रावर निघे. तेथे वीकएंडला सँटानाचा ‘सुपरनॅचरल’ आणि ‘मिलेनियम’ हातोहात जाताना मी पाहिले आहेत. म्हणजे मोजणी अजिबात होत नव्हती असे नाही. ज्या दुकानांत ती होऊ लागली त्या दुकानांचे गिऱ्हाईक वेगळे होते. त्या वहीवरून मुंबईचा निष्कर्ष काढला असता तर बोरिवली आणि परळ ही गावे नकाशावर नाहीत असे वाटले असते.

आणखी एक गोष्ट येथे कोणी सांगितली नाही. १९९९ मध्ये मुंबईत खासगी एफएम नव्हते. आकाशवाणीच्या एफएमवरील वेळ १९९३ पासून खासगी कार्यक्रमांना भाड्याने दिली जात होती, ती सोय १९९८ मध्ये बंद झाली, आणि स्वतंत्र खासगी केंद्रे मुंबईत २००२ साली आली. म्हणजे आपण ज्या वर्षाविषयी बोलत आहोत ते नेमके या खंडात पडते. नवे परदेशी गाणे कानावर पडण्याची मोठी वाट केबलवरच्या चॅनल व्ही आणि एमटीव्हीची होती, आणि तेथे गाणे ऐकण्याआधी दिसत असे. रिकी मार्टिन, बॅकस्ट्रीट बॉईज आणि ब्रिटनी येथे धरले आणि त्याच काळात अमेरिकेत गाजलेले कित्येक कंट्री गायक धरले नाहीत, याचे मोठे कारण मला हेच वाटते. रिकी मार्टिन तर येथे १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या गाण्यामुळे आधीच ओळखीचा झाला होता.

साष्टी यांचे उत्तर

मुलुंड_पूर्व, आपण ‘गारवा’चे नाव प्रश्नात घेतलेत म्हणून लिहिते आहे, नाहीतर या धाग्यावर मराठीला जागा मिळाली नसती.

‘गारवा’ १९९८ चा. सौमित्र यांच्या, म्हणजे किशोर कदम यांच्या कविता, आणि संगीत व गायन मिलिंद इंगळे यांचे. आधी कवितेचे वाचन, मग गाणे, अशी त्याची मांडणी होती आणि मराठीत ती तेव्हा नवी वाटली. वार्षिक यादीत असा अल्बम बसत नाही याचे कारण उघड आहे : तो एका वर्षात खपला नाही. दर जूनमध्ये पहिली सर आली की तो पुन्हा विकत घेतला जाई, कारण आधीची कॅसेट तोवर झिजलेली असे किंवा कोणीतरी नेलेली असे. आकडेमोड यांनी ‘कम ऑन ओव्हर’बद्दल जे सांगितले, त्याचे हे आपल्या घरचे रूप म्हणता येईल.

परंतु माझा खरा मुद्दा वेगळा आहे. ‘लोकप्रिय संगीत’ म्हटले की आपण सारे चित्रपट, इंडिपॉप आणि परदेशी गट यांच्यातच फिरतो. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे स्टॉल लागत असत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांच्या आवाजातली भीमगीते घ्यायला विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसे रांगा लावत, आणि एकेक माणूस गावातल्या शेजाऱ्यांसाठी म्हणून पाच-सहा कॅसेट एकदम नेई. माझे माहेर शिवाजी पार्काजवळचे, त्यामुळे हे मी खिडकीतून पाहिले आहे. तीच गोष्ट वेसावकर मंडळींच्या कोळीगीतांची : हळद, साखरपुडा, शिमगा यांतले एकही कार्य त्या कॅसेटशिवाय होत नसे, आणि ते केवळ कोळीवाड्यात नव्हे. यातले बरेचसे छोट्या कंपन्यांनी काढले. मोठ्या वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत जे टॉप टेन छापून येई, त्यात यांपैकी कोणाचे नाव मी कधी वाचले नाही.

आणि ज्या उत्सवात आपली प्रश्नमंजूषा होते, त्या उत्सवाच्या आरत्यांच्या कॅसेटचे काय? लता मंगेशकरांच्या आवाजातली आरती दरवर्षी किती मंडळांनी आणि किती घरांनी नव्याने घेतली असेल, याचा विचार आपल्यापैकी कोणी केला आहे का?

काउंटरच्या_अलीकडे

साष्टीताईंनी कान पकडला ते योग्यच झाले. आमच्याकडे श्रावण लागला की आरत्यांची आणि अष्टविनायकाच्या गाण्यांची ऑर्डर जाई, आणि चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात काउंटरची पुढची अख्खी फळी त्यांना दिली जाई. ‘ताल’ सुद्धा त्या आठवड्यात मागच्या फळीवर गेला होता. मी मघाशी ‘ताल’ असे उत्तर दिले, कारण आरत्यांच्या कॅसेटना आम्ही ‘अल्बम’ समजतच नव्हतो. तो सीझनचा माल होता, उटणे आणि कंदील असतात तसा. शनिवारच्या फळ्यावर मी एकदाही आरती लिहिली नाही. सुखकर्त्याला कोणत्या क्रमांकावर बसवणार?

मुलुंड_पूर्व

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बी विंगच्या त्या मुलीला काल गाठले. तिने दाखवलेली यादी ब्रिटनचीच निघाली. मोबाईलच्या पडद्यावर देशाचे नाव वरच्या ओळीत होते आणि गडबडीत ते तिने वाचले नाही, मीही वाचले नाही.

यंदाचे प्रश्न असे करावेत म्हणतो. एक : १९९९ या वर्षात अमेरिकेतील दुकानांत सर्वाधिक विकला गेलेला अल्बम कोणता? दोन : त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पहिला आलेला, परंतु अमेरिकेच्या साप्ताहिक यादीत कधीच पहिला न आलेला अल्बम कोणता? तीन : ‘मिलेनियम’चा पहिल्या आठवड्याचा विक्रम पुढच्याच वर्षी कोणी मोडला? याचे उत्तर माझ्याजवळ ‘एन सिंक’ असे आहे, ते कृपया तपासून द्यावे. मुंबईच्या खपावरचा प्रश्न मात्र मी काढून टाकला आहे.

आकडेमोड

तिसऱ्याचे उत्तर बरोबर आहे. ‘नो स्ट्रिंग्ज अटॅच्ड’ २१ मार्च २००० रोजी आला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे २४ लाख प्रती गेल्या. तो विक्रम २०१५ मध्ये अ‍ॅडेल यांनी मोडेपर्यंत पंधरा वर्षे उभा होता. प्रश्नात ‘अमेरिकेत’ हा शब्द येथेही घाला. चौथा प्रश्न हवा असेल तर हा घ्या : ध्वनिमुद्रित संगीताच्या अमेरिकी व्यवसायाने १९९९ मध्ये सुमारे १४६० कोटी डॉलरांचे उत्पन्न गाठले, आणि पुढची वीसेक वर्षे त्याला ती पातळी पुन्हा दिसली नाही, त्याच १९९९ च्या जूनमध्ये इंटरनेटवर गाण्यांची फुकट देवाणघेवाण करणारी कोणती सेवा सुरू झाली? उत्तर ‘नॅपस्टर’.

साष्टी

मुंबईचा प्रश्न काढून टाकण्यापेक्षा त्याचे रूप बदला. कोणाकोणाच्या माळ्यावर जुन्या कॅसेट असतील त्या मागवा, दोन-दोन कडवी ऐकवा आणि ओळखायला सांगा. त्यात ‘ताल’ ठेवा, ‘मिलेनियम’ ठेवा, एक कोळीगीत आणि एक भीमगीत ठेवा.

मुलुंड_पूर्व

कल्पना उत्तम आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारले, तर तासाभरात चाळीसेक कॅसेट निघाल्या, त्यांत ताईने मैत्रिणीकडून आणलेली ती सुद्धा आहे. अडचण एकच : वाजवायला कॅसेट डेक चारही विंगमध्ये मिळून एकाकडेही नाही.

काउंटरच्या_अलीकडे

दुकान बंद झाले तेव्हा मालकांनी त्यांचा दोन खणांचा डेक मला दिला होता, त्याच डेकवर आम्ही कॅसेट भरत असू. एका खणाचा बेल्ट सैल झाला आहे. लॅमिंग्टन रोडला बदलून घेतो आणि चतुर्थीच्या आधी आणून देतो. ताईंच्या कॅसेटच्या इनलेवर, म्हणजे डबीतल्या कागदावर, गाण्यांची नावे निळ्या शाईने, तिरक्या अक्षरांत लिहिलेली आहेत का, तेवढे पाहून ठेवा.